खानदेशी बोलींचा कोश आणि एक्सएसएलटीची स्टाइलशीट

अहिराणी, रावेर-यावल पट्ट्यातील लेवा गणबोली किंवा सातपुड्यातील पावरी यांचे शब्द गोळा करणारी मंडळी आपली टिपणे संगणकावर बहुधा छापील पानासारखीच टंकतात: मूळ शब्द ठळक, व्याकरण तिरप्या अक्षरांत, अर्थ साध्या अक्षरांत. वाचणाऱ्याला एवढे पुरते. संगणकाला मात्र केवळ ठळक आणि तिरपी अक्षरे कळतात. तिरपा मजकूर व्याकरणाचा आहे की उदाहरणातील वाक्याचा, हे ओळखण्याचे साधन त्याच्याकडे नसते. त्यामुळे तोच कोश मोबाइलवर आणायचा म्हटले, किंवा प्रमाण मराठीकडून अहिराणीकडे उलटवायचा म्हटले, की बरेचसे काम पुन्हा हाताने करावे लागते.

यावरचा मार्ग म्हणजे मजकुराला रूपाऐवजी अर्थाच्या खुणा करणे. एक्सएमएल ही खुणा करण्याची पद्धत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने १९९८ साली प्रमाणित केली. तिच्यात टॅगची, म्हणजे कोनी कंसांतल्या खुणांची, नावे आपण ठरवायची असतात आणि ती देवनागरीतही चालतात. डोळ्याला अहिराणीत ‘डोया’ म्हणतात. त्याची नोंद अशी होईल:

<नोंद><शब्द>डोया</शब्द><प्रमाण>डोळा</प्रमाण><बोली>अहिराणी</बोली></नोंद>

या नोंदीत अक्षराचा आकार, रंग किंवा जाडी यांविषयी एक अक्षरही नाही, आणि हेच तिचे बळ आहे. रूप ठरवण्याचे काम स्टाइलशीट नावाच्या वेगळ्या फाइलकडे जाते.

स्टाइलशीटच्या भाषांपैकी बहुतेकांना ठाऊक असते ती सीएसएस. होकोन व्हिउम ली यांनी तिची कल्पना १९९४ मध्ये मांडली आणि १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाणित झाली. आहे त्या मजकुराला रंग, आकार, अंतर आणि मांडणी देण्यात ती तरबेज आहे. पण हजार नोंदी प्रमाण शब्दांच्या क्रमाने नव्याने लावणे किंवा एकाच अर्थाचे तीन बोलींतील शब्द एका मथळ्याखाली आणणे हे तिचे काम नाही. त्यासाठी मूळ दस्तऐवजातून नवा दस्तऐवज घडवणारी भाषा लागते. ती म्हणजे एक्सएसएलटी. जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली तिची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रमाणित झाली. त्यापूर्वी एसजीएमएल या जुन्या पद्धतीसाठी डीएसएसएसएल नावाची अशी भाषा होती, आणि क्लार्क यांनी तिच्यावरही काम केले होते.

एक्सएसएलटीची चाल नेहमीच्या प्रोग्रॅमिंगहून निराळी आहे. आधी हे कर, मग ते कर, अशी आज्ञांची रांग तिच्यात मुख्य नसते. मुख्य असतात ते नियम. टॅगच्या जोडीने वेढलेल्या भागाला घटक म्हणतात. ‘शब्द हा घटक आला की त्यातला मजकूर ठळक लिही’, ‘बोली हा घटक आला की त्याला कंस घाल’, अशा प्रत्येक नियमाला टेम्प्लेट म्हणतात. प्रोसेसर, म्हणजे हे नियम चालवणारा प्रोग्रॅम, संपूर्ण एक्सएमएलचे एक झाड मनात धरतो, मुळापासून निघतो आणि प्रत्येक घटकाला लागू पडणारा नियम शोधत फांदीफांदीने पुढे जातो. कोणता घटक निवडायचा हे सांगण्यासाठी एक्सपाथ ही छोटी भाषा तिच्या सोबत असते. एखाद्या घटकासाठी आपण नियम लिहिलाच नाही, तर अंगभूत नियम त्याच्या आतला मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवतो, म्हणजे नियम लिहायचा राहिला म्हणून शब्द आपोआप गळत नाही. कोशकाराच्या दृष्टीने मला ही सोय फार मोलाची वाटते.

उलटा कोश करताना या भाषेचा खरा कस लागतो. २००७ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत गट पाडण्याची स्वतंत्र सूचना मिळाली. ‘प्रमाण’ या घटकावर गट पाडले की ‘डोळा’ या एका मथळ्याखाली वेगवेगळ्या बोलींतील रूपे एकत्र येतात. मग प्रश्न उरतो क्रमाचा. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, तर प्रत्येक अक्षराला सांकेतिक क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. त्यामुळे निव्वळ सांकेतिक क्रमांकांवरून लावल्यास ‘डोळा’ आधी आणि ‘डोह’ नंतर येतो, जे मराठी कोशात चूक ठरते. क्रम लावण्याच्या सूचनेत भाषा मराठी असल्याचे सांगता येते. मात्र वापरत असलेल्या प्रोसेसरकडे मराठीचा वर्णक्रम असायला हवा, आणि तो आहे का हे अशाच एका जोडीवर आधी तपासून घ्यावे. देवनागरी अंकांचीही सोय आहे: शून्याच्या जागी ‘०’ धरायचा, एवढे एकदा सांगितले की संख्या आपल्या अंकांत उमटतात.

ब्राउझरमध्ये अंगभूत राहिली ती बव्हंशी एक्सएसएलटीची १९९९ चीच आवृत्ती, आणि गूगल क्रोमने ती सोय काढून टाकण्याचा बेत २०२५ मध्ये जाहीर केला. कोशाच्या कामाला त्याने अडथळा येत नाही. रूपांतर आपल्याच संगणकावर सॅक्सनसारख्या प्रोसेसरने करून तयार एचटीएमएल पाने वाचकांपुढे ठेवता येतात, त्यांना सीएसएसने सजवता येते, आणि छपाईची प्रतही त्याच मूळ फाइलमधून काढता येते.

खरी अडचण जुन्या टंकलेखनाची आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुरात पडद्यावर ‘डोया’ दिसत असला, तरी आत साठवलेली असतात ती भलतीच चिन्हे. प्रोसेसर फॉन्ट पाहत नाही, आतली चिन्हेच वाचतो. म्हणून असे संग्रह आधी युनिकोडमध्ये आणून, मूळ प्रतीशी ताडून, मगच त्यांना टॅग लावावे लागतात.