अडॅप्टर की कन्व्हर्टर? परदेशी निघण्याआधी चार्जरवरचं लेबल वाचा

परदेशी जाणाऱ्यांच्या सामानाच्या यादीत अडॅप्टर हमखास असतो. तो घेतला की आपली सगळी उपकरणं तिकडे चालतील, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. अडॅप्टर आणि कन्व्हर्टर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांत गल्लत झाली तर उपकरण जळूही शकतं.

अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो. आपल्या गोल पिना अमेरिकेतल्या चपट्या खाचांत जात नाहीत, म्हणून तो मध्ये बसवायचा. भिंतीतून वीज जशी येते तशीच तो पुढे सोडतो. कन्व्हर्टर व्होल्टेज बदलतो. भारतात २३० व्होल्ट असतात, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. युरोप, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथे व्होल्टेज जवळपास आपल्याइतकंच, त्यामुळे तिकडे जाताना कन्व्हर्टरचा विचारच करायला नको. प्रश्न उरतो तो पिनांचा: लंडन आणि सिंगापूरला तीन चौकोनी पिना, ऑस्ट्रेलियात तिरक्या चपट्या.

आता अमेरिका आणि जपान. निघण्याआधी घरातली उपकरणं उलटी करून त्यांच्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं लिहिलेलं असेल तर ते उपकरण कुठेही चालतं, अडॅप्टर पुरे. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे चार्जर बहुतेक याच जातीचे असतात. नुसतं '२२०-२४०' असेल तर मात्र ते आपल्याकडच्या विजेसाठीच बनवलेलं आहे.

अशी किटली अमेरिकेत अडॅप्टर लावून चालू केली तर स्फोट वगैरे होत नाही, पण ती रडतखडत तापते. तापवणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. व्होल्टेज जवळजवळ निम्मं झालं की शक्ती पावपटीच्या आसपास येते. १५०० वॅटची किटली तिथे सुमारे ४०० वॅटच देते. इस्त्रीचंही तेच. खरा धोका उलट्या दिशेने आहे. अमेरिकेतून आणलेला फक्त १२० व्होल्टचा हेअर ड्रायर पुण्यात नुसत्या अडॅप्टरने लावला, तर तो जवळजवळ चौपट शक्ती ओढू पाहतो आणि काही क्षणांत जळतो.

मग कन्व्हर्टरच घ्यावा का? सुट्टीसाठी जाणाऱ्याने शक्यतो घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मिक्सर किंवा किटली पेलेल असा कन्व्हर्टर म्हणजे लोखंड-तांब्याचा ट्रान्सफॉर्मर, त्याचं वजन काही किलो भरतं. तेवीस किलोच्या बॅगेत ती जागा चकली-लाडवांना द्यावी. हलके, स्वस्त इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांतले बरेचसे फक्त तापणाऱ्या साध्या उपकरणांसाठी असतात. मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किट त्यांच्यावर चालवू नये. शिवाय साधा ट्रान्सफॉर्मर विजेची वारंवारता (लेबलवरचा हर्ट्झचा आकडा) बदलत नाही, आणि अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे, आपल्याकडे ५०; त्यामुळे काही मोटरवाली उपकरणं ट्रान्सफॉर्मर लावूनही नीट चालत नाहीत. इस्त्री तिकडे बहुतेक घरांत आणि बऱ्याच हॉटेलांत असते, किटलीही अनेक ठिकाणी मिळते.

ज्येष्ठांच्या बाबतीत एका गोष्टीकडे खास लक्ष द्या. झोपेत श्वास अडू नये म्हणून वापरायच्या सीपॅप यंत्राचा वीजपुरवठा बहुधा १००-२४० व्होल्टचा असतो, पण घरगुती नेब्युलायझर अनेकदा फक्त २३० वर चालणारा असतो. तिथे अंदाज नको. लेबल वाचा आणि गरज पडली तर तिकडे राहणाऱ्या मुलांना तिथलाच आधी घेऊन ठेवायला सांगा.

प्रवासासाठीच्या काही हेअर ड्रायरवर १२० आणि २३० असं छोटं बटण असतं. स्क्रू-ड्रायव्हरने किंवा नाण्याने ते फिरवावं लागतं, आपोआप बदलत नाही. परत आल्यावर इथल्या पॉइंटला लावण्याआधी ते २३० वर आणायचं.