चर्च-इतिहास (ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासक्रमातील)

ख्रिस्ती धर्मगुरू व पाळक यांच्या शिक्षणात बायबल आणि धर्मसिद्धांत यांच्या जोडीने शिकवला जाणारा विषय. मंडळीचा (म्हणजे चर्चचा) विस्तार, तिच्यातील वाद व फुटी, उपासनेच्या रीती आणि राजसत्तेशी आलेले संबंध त्यात येतात. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस याने या लेखनाचा पाया घातला.

विषय जोमाने वाढला तो मात्र भांडणातून. प्रॉटेस्टंट पंथ रोमपासून वेगळे झाले त्या धर्मसुधारणेनंतर लूथरपंथीयांनी १५५९ ते १५७४ या काळात माग्डेबर्ग या जर्मन शहराच्या नावाने ओळखला जाणारा शतकवार इतिहास छापला आणि पोपची सत्ता ही मूळ श्रद्धेची विकृती ठरवली. कॅथलिक बाजूने रोममधील इतिहासकार बारोनियसने १५८८ पासून बारा खंडांत उत्तर दिले. आपलाच पंथ प्रेषितांचा वारस, हे सिद्ध करणे दोघांचेही उद्दिष्ट होते. पण त्या ईर्ष्येपायी जुनी कागदपत्रे धुंडाळली गेली, हा फायदाच म्हणायचा. पोपच्या ऐहिक सत्तेचा आधार मानले गेलेले, रोमन सम्राटाच्या नावावरचे ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ बनावट असल्याचे इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाल्लाने त्याआधीच, १४४० मध्ये, त्यातील लॅटिनवरून दाखवले होते. पुढे जर्मन ईश्वरविज्ञानी श्लायरमाखरने १८११ मध्ये ईश्वरविज्ञानाची रूपरेषा आखताना इतिहासाला त्याचा देह मानले.

हा विषय कशासाठी शिकायचा, याचे निकेया येथील धर्मपरिषदेइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. ३२५ च्या या परिषदेने, पुत्र ख्रिस्त हा पित्याने निर्माण केलेला आणि म्हणून त्याच्या बरोबरीचा नाही, हे धर्मगुरू एरियसचे मत फेटाळले आणि वाद मिटला, असे सोपे कथन रूढ आहे. प्रत्यक्षात सम्राटागणिक पारडे फिरत राहिले, एरियसचा विरोधक, अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. निर्णय पक्का झाला तो ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत. आज उपासनेत म्हटला जाणारा मतांगीकार (श्रद्धेचा कबुलीपाठ) एवढ्या ओढाताणीतून आला हे ठाऊक असलेला पाळक श्रद्धाळूंच्या शंकांना पाखंड म्हणून झटकत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर पंडिता रमाबाईंनी त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, या सिद्धांताबद्दल) आणि चर्चच्या अधिकाराबद्दल विचारलेले प्रश्न याच जातीचे होते.

भारतात हा इतिहास दीर्घकाळ मिशनऱ्यांच्या कार्याचा अहवाल होऊन राहिला. १९३५ मध्ये भारतीय चर्च-इतिहास परिषद स्थापन झाली. तिच्या बहुखंडी इतिहासमालेने येथील ख्रिस्ती लोक, त्यांचे प्रदेश आणि समाज यांना केंद्रस्थानी आणले. मराठीपुरते पाहिले तर येशूसंघी धर्मगुरू थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६), ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचे लेखन आणि अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक ही अशा अभ्यासाची मोलाची साधने होत.