सायकलस्वाराचे हेल्मेट : व्हिक्टोरियाच्या सक्तीची पार्श्वभूमी

सायकल चालवताना हेल्मेट घालावे की नाही, याचा विचार करू लागलेल्या माणसासमोर आज एकमेकांशी न जुळणारे दाखले येतात. कोणी पंच्याऐंशी टक्के संरक्षणाचा आकडा सांगतो, तर कोणी उघड्या डोक्याने निर्धास्त सायकल चालवणाऱ्या नेदरलँड्सकडे बोट दाखवतो. दोन्ही दाखल्यांना आधार आहे, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांना दिलेले आहेत. डोके आपटले तर हेल्मेट उपयोगी पडते का, हा वैद्यकाचा प्रश्न आहे. आणि सर्वांना ते घालायला भाग पाडले तर एकूण समाजाचे आरोग्य सुधारते का, हा धोरणाचा. १९९० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने घेतलेल्या निर्णयाने या दोन प्रश्नांची गाठ बसली आणि ती आजतागायत पुरती सुटलेली नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. एकोणिसाव्या शतकात उंच चाकाच्या सायकलीवरून डोक्यावर आपटणारे हौशी स्वार जाड टोप्या वापरत, तर पुढे शर्यतीतील स्वार चामड्याच्या पट्ट्या गुंफलेले आवरण डोक्याला बांधत. आघात शोषण्याच्या दृष्टीने दोन्हींचा उपयोग जेमतेम होता. खास सायकलसाठी बनवलेले, बाहेर कठीण कवच आणि आत थर्माकोलसारखा दबणारा थर असलेले हेल्मेट १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातून बाजारात आले. अमेरिकेत १९८४ मध्ये त्याचे एक ऐच्छिक मानक ठरले, युरोपचे मानक १९९७ मध्ये आले आणि अमेरिकेचे बंधनकारक मानक १९९९ मध्ये लागू झाले. या मानकांतील एक तपशील मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे : युरोपीय चाचणीत हेल्मेट सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट लोखंडी ऐरणीवर पाडतात, म्हणजे आदळण्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. स्वतःच्या सायकलवरून पडणाऱ्या माणसाचे डोके वाचवणे, एवढे या वस्तूचे ठरवलेले काम आहे. भरधाव ट्रकची धडक त्या चाचणीत गृहीत धरलेली नाही, आणि हेल्मेटचे समर्थक व विरोधक दोघेही बोलताना ही मर्यादा वारंवार विसरतात.

पंच्याऐंशी टक्क्यांचा आकडा १९८९ मध्ये सिअ‍ॅटलमधून आला. तेथील अभ्यासकांनी डोक्याला इजा होऊन रुग्णालयात आलेल्या २३५ सायकलस्वारांची तुलना दोन गटांशी केली. पहिल्या गटात शरीराच्या इतर भागाला इजा होऊन त्याच रुग्णालयांत आलेले ४३३ जण होते आणि दुसऱ्यात मागील वर्षभरात सायकलवरून पडलेले, पण आरोग्य योजनेच्या सभासदांमधून शोधलेले ५५८ जण. डोक्याला इजा झालेल्यांपैकी ७ टक्के हेल्मेट घातलेले होते, तर तुलनेच्या गटांत हे प्रमाण २४ आणि २३ टक्के होते. यावरून हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी आणि मेंदूच्या इजेचा ८८ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष काढण्यात आला. त्यावरील आक्षेपही विचार करण्यासारखा होता. ज्या काळात फार थोडे लोक हेल्मेट घालत, त्या काळात ते घालणारे मुळातच अधिक सावध असणे, वाहनांच्या रस्त्याऐवजी बागेत किंवा वेगळ्या मार्गावर सायकल चालवणारे असणे शक्य होते, आणि तो फरक हेल्मेटच्या खाती जमा होण्याचा धोका होता. पुढील संशोधनात हे प्रमाण बरेच खाली आले आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या संघीय यंत्रणांनी सायकल संघटनेच्या हरकतीनंतर हा आकडा आपल्या प्रचारातून काढून घेतला. तथापि खाली आले म्हणजे नाहीसे झाले, असे नव्हे. चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती असलेल्या चाळीस अभ्यासांचे २०१६ मध्ये एकत्र विश्लेषण झाले, तेव्हा डोक्याच्या इजेची शक्यता निम्म्याने आणि गंभीर इजेची शक्यता सुमारे दोन तृतीयांशाने कमी आढळली. पडलेल्या माणसापुरता विचार केला तर पुरावा हेल्मेटच्या बाजूने आहे आणि तो भक्कम आहे.

आता व्हिक्टोरियाकडे वळू. १ जुलै १९९० रोजी सर्व वयाच्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे करणारे ते जगातील पहिले राज्य ठरले. हा निर्णय अचानक झाला नव्हता. मोटारीतील सीटबेल्ट सक्तीचा करणारे जगातील पहिले राज्यही हेच होते, १९७० मध्ये, आणि त्या मागणीत पुढाकार घेतलेल्या शल्यचिकित्सकांनीच पुढे सायकलच्या हेल्मेटचा आग्रह धरला. १९८०च्या दशकात शाळांतून सायकल प्रशिक्षण झाले, हेल्मेट सवलतीत देण्याच्या योजना आल्या आणि जाहिराती झाल्या. मेलबर्नमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम पाच टक्के असलेला वापर कायदा येईपर्यंत तीस टक्क्यांच्या पुढे गेला होता, तोही केवळ समजावून सांगून. याकडे नंतरच्या वादात फारसे कोणी लक्ष दिले नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे.

इतर राज्यांनी व्हिक्टोरियाचे अनुकरण केले त्यामागे केवळ पटलेले मत नव्हते. १९८९च्या अखेरीस संघीय सरकारने अपघातप्रवण ठिकाणे दुरुस्त करण्यासाठी राज्यांना मोठा निधी देऊ केला आणि त्याच्या दहा अटींमध्ये सायकलच्या हेल्मेटची सक्तीही होती. परिणामी १९९२ पर्यंत देशभर सक्ती लागू झाली. अपवाद म्हणता येईल तो नॉर्दर्न टेरिटरीचा. तेथे १९९४ मध्ये पदपथांवर आणि सायकलमार्गांवर प्रौढांना सूट मिळाली.

कायद्यानंतर व्हिक्टोरियात काय घडले, याच्या नोंदी चांगल्या ठेवलेल्या असूनही त्यांचा अर्थ लावताना अभ्यासकांत दोन तट पडले. मार्च १९९० मध्ये ३१ टक्के असलेला वापर मार्च १९९१ मध्ये ७५ टक्क्यांवर गेला, याबद्दल दुमत नाही. सायकल अपघातात डोक्याला मार लागून दगावलेल्या किंवा रुग्णालयात दाखल झालेल्यांचे विम्याचे दावे पहिल्या वर्षी ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी ७० टक्क्यांनी घटले. समर्थकांनी येथे पूर्णविराम दिला. परंतु त्याच अहवालात असेही नोंदलेले होते की, डोक्याला मार न लागता दगावलेल्या किंवा दाखल झालेल्या सायकलस्वारांची संख्याही त्याच दोन वर्षांत २३ आणि २८ टक्क्यांनी कमी झाली. हेल्मेट हातापायांचे रक्षण करत नाही. तेव्हा या घटीची कारणे दुसरीकडे शोधावी लागतात, आणि ती दोन आहेत. एक म्हणजे त्याच सुमारास राज्याने वेग टिपणारे कॅमेरे बसवले आणि मद्यपी चालकांविरुद्धची तपासणी कडक केली, त्यामुळे रस्ते सर्वांसाठीच अधिक सुरक्षित झाले. दुसरे कारण अधिक अडचणीचे आहे, ते म्हणजे सायकल चालवणेच कमी झाले.

किती कमी झाले, यावर तीस वर्षे शाई खर्च झाली आहे. मेलबर्नच्या ठरावीक चौकांतील मोजणीत मुलांचा सायकलवापर पहिल्या वर्षात एक तृतीयांशाहून अधिक घसरलेला दिसला आणि किशोरवयीनांत ही घसरण सर्वांत तीव्र होती; केस विस्कटतात, शाळेत ठेवायला जागा नसते, मित्र हसतात ही कारणे त्या वयात क्षुल्लक नसतात. प्रौढांबाबत मात्र उत्तर तुलनेचे वर्ष कोणते धरले यावर ठरत गेले. कायद्याच्या दोनतीन वर्षे आधीच्या मोजणीशी तुलना केली की वाढ दिसते, कायद्याच्या लगेच आधीच्या मोजणीशी केली की घट दिसते. त्यात १९९२च्या मोजणीच्या वेळी एका ठिकाणाहून नेमकी सायकल रॅली गेली आणि तेथील संख्या फुगली, म्हणून ते ठिकाण धरावे की वगळावे यावरही शास्त्रीय नियतकालिकांत वाद झडले. मोजणीची ठिकाणे थोडी, ऋतू व हवामान वेगवेगळे आणि सायकलवापराची त्याआधीची सलग नोंद तुटपुंजी, अशा स्थितीत इतक्या मोठ्या निष्कर्षांचे ओझे त्या आकड्यांवर टाकायला नको होते. किशोरवयीनांनी सायकल सोडली, एवढे मात्र सक्तीच्या समर्थकांनीही मान्य करायला हवे होते. नियमित सायकल चालवण्याने हृदयाला आणि एकूण प्रकृतीला होणारा लाभ मोठा असल्याने ती सुटली की त्याची किंमत आरोग्यातच मोजावी लागते, आणि ती किंमत विम्याच्या दाव्यांत कोठेही नोंदली जात नाही.

न्यूझीलंडने १ जानेवारी १९९४ पासून तशीच सक्ती केली. त्यानंतरच्या दशकांत उलट प्रवाहही दिसू लागला. मेक्सिको सिटीने २०१० मध्ये भाड्याच्या सार्वजनिक सायकलींचा विचार करून सक्ती मागे घेतली; इस्रायलने २००७ मध्ये केलेली सक्ती २०११ मध्ये शहरांतील प्रौढांपुरती उठवली. ज्या सिअ‍ॅटलमधून मूळ आकडा आला, तेथील परगण्याने १९९३ पासूनचा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केला, कारण त्याखालील दंड बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांवर विषम प्रमाणात बसत असल्याचे पुढे आले होते. ऑस्ट्रेलियात मात्र दिशा बदलली नाही. सिडनी ज्या राज्यात आहे तेथे २०१६ मध्ये हेल्मेटविना सायकल चालवण्याचा दंड ७१ डॉलरवरून ३१९ डॉलरवर नेण्यात आला. मेलबर्नची भाड्याच्या सायकलींची योजना २०१० मध्ये सुरू झाली, तिच्यासाठी दुकानांतून पाच डॉलरमध्ये हेल्मेट विकली गेली, तरीही ती २०१९ मध्ये बंद पडली, आणि सक्तीच्या विरोधकांनी त्याचे खापर हेल्मेटवर फोडले. या युक्तिवादाला पुण्याचे उदाहरण आड येते. पुण्यात २०१७च्या अखेरीस विद्यापीठ आणि औंध परिसरातून भाड्याच्या सायकली आल्या, तेथे हेल्मेटची कोणतीही अट नव्हती आणि तरीही दोनेक वर्षांत त्या रस्त्यावरून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. एखादी योजना बुडण्यामागे हेल्मेट हे एकमेव कारण क्वचितच असते.

शर्यतींच्या जगात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. १९९१ मध्ये जागतिक नियामक संस्थेने हेल्मेट सक्तीचे करू पाहिले तेव्हा व्यावसायिक स्वारांनी पॅरिस–नीस शर्यतीत संप केला आणि नियम मागे घ्यावा लागला. २००३ मध्ये त्याच शर्यतीत कझाकस्तानचा एक स्वार पडून डोक्याच्या इजेने मृत्युमुखी पडला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सक्ती आली. शेवटच्या चढावर हेल्मेट काढण्याची सवलतही काही काळाने संपली. येथे कोणी विरोध करत राहिले नाही, कारण शर्यत सोडून देणारा किशोरवयीन मुलगा या हिशेबात नव्हता.

नेदरलँड्सचा दाखला देताना त्या देशाने १९७०च्या दशकापासून काय केले, हे सांगायचे राहून जाते. १९७१ मध्ये तेथे सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनाने वेगळे सायकलमार्ग आणि वस्तीतील मंद वाहतूक मिळवली. तेथील उघडे डोके हे त्या पन्नास वर्षांच्या बांधकामाचे फळ आहे, आणि ते बांधकाम नसलेल्या शहरात फक्त उघडे डोके उचलून आणणे अन्यायाचे आहे. शिवाय तेथेही चित्र पालटते आहे. २०१७ मध्ये प्रथमच मोटारीतील मृतांपेक्षा सायकलस्वार मृतांची संख्या अधिक झाली, त्यांत वृद्धांचा आणि विजेवर चालणाऱ्या सायकलींचा वाटा मोठा आहे, आणि डॉक्टर आता उघडपणे हेल्मेटचा आग्रह धरू लागले आहेत. डेन्मार्कने तर सक्ती न करता केवळ प्रचारावर भर दिला. २००४ मध्ये शहरी वाहतुकीत शंभरात सहा सायकलस्वार हेल्मेट घालत, आज जवळपास निम्मे घालतात.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना अडचण अशी होते की, हेल्मेट म्हटले की स्कूटर-मोटारसायकलच आठवते. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून दुचाकीस्वारांवर कडक कारवाई सुरू झाली तेव्हा कृती समित्या उभ्या राहिल्या, मोर्चे निघाले, आणि त्या वादातील सगळा राग सायकलच्या हेल्मेटच्या चर्चेत आयता येऊन पडतो. वस्तुतः मोटार वाहन कायद्याचे १२९वे कलम सायकलला लागू होत नाही, कारण सायकल हे मोटार वाहनच नाही. याच महाराष्ट्रात एके काळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला किंवा डबल सीट दिसली की पोलीस अडवत; सायकलस्वाराला दंड करण्याची यंत्रणा होती, पण हेल्मेटचा विचार त्या काळी कोणाच्या मनात नव्हता. आज जे घालतात ते बहुधा पहाटे गटाने लांब जाणारे किंवा ब्रेव्हेसारख्या लांब पल्ल्याच्या उपक्रमांत भाग घेणारे, जेथे आयोजक हेल्मेटशिवाय सोडतच नाहीत. कामावर सायकलने जाणारा गवंडी, दूधवाला किंवा सुरक्षारक्षक मात्र सर्वाधिक वेळ सर्वांत धोक्याच्या रस्त्यावर असूनही या चर्चेबाहेर राहतो, आणि उद्या सक्ती आली तर पहिला दंड त्यालाच होईल, ही सिअ‍ॅटलच्या अनुभवावरून धरता येण्याजोगी भीती आहे.

हा प्रश्न आपल्याकडे प्रत्यक्षात उभा राहिला आहे तो विजेच्या कमी वेगाच्या वाहनांमुळे. ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या वेगाची आणि २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची वाहने केंद्रीय नियमांनुसार मोटार वाहनांत मोडत नाहीत. त्यांना नोंदणी नको, परवाना नको आणि म्हणून हेल्मेटही नको. मुंबई-पुण्यात घरपोच जेवण पोहोचवणारी कितीतरी मुले रोज त्यांवरून उड्डाणपुलांवर ट्रक-बसच्या शेजारून जातात. नेदरलँड्सने त्याच २५ किलोमीटरच्या मर्यादेतील हलक्या मोपेडना १ जानेवारी २०२३ पासून हेल्मेट सक्तीचे केले आणि पायाने चालवायच्या साध्या सायकलला हात लावला नाही. आपल्याकडे या दोन वाहनांमध्ये अशी रेष अजून आखलेली नाही.