जी कॉर्ड वाजली की गिटार का घुमते?

साउंड चेकला गिटारवाल्याने जी कॉर्ड छेडली आणि हॉलभर ‘हूंऽऽ’ सुरू झालं. माझा हात सरळ फेडरवर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांडीवर. घुमणं थांबलं, पण गिटारही ऐकू येईना. मिक्सरवर बसायला शिकत होतो तेव्हा ही चूक मी कितीतरी दिवस केली.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात बोलते. अकूस्टिक गिटारचा पोकळ खोका आणि त्याचं गोल भोक म्हणजे तशीच बाटली. तिचा सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. जी कॉर्डचा सर्वांत खालचा सूर ९८ हर्ट्झचा! स्पीकरमधून तो बाहेर पडतो, खोक्याची वरची फळी हलवतो, पिकअप, म्हणजे गिटारचं कंपन विजेत बदलणारा तुकडा, ते हलणं पुन्हा मिक्सरकडे पाठवतो. प्रत्येक फेरीत आवाज थोडा जरी वाढला तरी फीडबॅक झालाच. माइकची शिट्टी हीच, फक्त वरच्या सुरातली.

पण म्हणून सगळा बेस (खालचे सूर) कापू नये. तसं केलं तर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. इक्वलायझरचा (ठरावीक सूर उचलणाऱ्या किंवा दाबणाऱ्या बटणांचा) अरुंद पट्टा घ्यावा, आवाज बेताचा ठेवून तो किंचित उचलावा आणि ८० ते २०० हर्ट्झमध्ये हळूहळू फिरवावा. जिथे घुमायला लागेल, तिथेच तो खाली ओढायचा. बाकीचं तसंच राहू द्यावं. भोकावर रबरी झाकण बसवलं तर निम्मं काम आधीच होतं, आणि स्वस्तात.

तारा ज्यावर टेकतात त्या घोडीखालचा पिकअप बहुधा पायझो असतो. दाब पडला की वीज देणारे स्फटिक क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले, त्याच तत्त्वावरचा. तो थेट मिक्सरच्या साध्या इनपुटला जोडला तर खालचे सूर गळतात. त्याला निदान दहा लाख ओहम रोधाचं इनपुट लागतं. मध्ये चांगला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) हवा तो यासाठी. गिटारमध्येच प्रीअँप (पिकअपचा सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) असेल, तर आधी नऊ व्होल्टची बॅटरी बघा. ती उतरली की आवाज फाटतो आणि सगळे केबल बदलत बसतात.

डीआयवर किंवा प्रीअँपवर ‘फेज’चं बटण असेल तर दाबून पाहावं. परतणारी लाट उलटी होते आणि घुमणं कधीकधी चटकन मरतं. मात्र १०० हर्ट्झची लाट सुमारे ३.४ मीटर लांब असते. वादक रंगात येऊन दीड-दोन मीटर पुढे सरकला, की बटण पुन्हा उलटं करायची वेळ येते.