तांब्याचा मणी दिसला म्हणजे शॉर्टसर्किटच?

"जळक्या वायरीच्या टोकाला तांब्याचा गोल मणी असेल तर आग शॉर्टसर्किटनेच लागली," असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. मणी खरा असतो, पण तो एवढंच सांगतो की त्या क्षणी वायरीत वीज होती.

कुणी रॉकेल ओतून घर पेटवलं, तरी धगीने वायरीवरचं पीव्हीसी जळतं, उघड्या तारा एकमेकींना टेकतात आणि ठिणगी पडून तसाच मणी तयार होतो. नुसतं बघून तो आधीचा की नंतरचा, हे खात्रीने सांगता येत नाही.

मग तपासायचं कसं? तांबं १०८५ अंशांना वितळतं. मणी टोकापुरताच आणि मागची तार शाबूत असेल, तर तो बहुधा ठिणगीचा. तार लांबवर ओघळून कुठे जाड कुठे बारीक झाली असेल, तर ती बहुधा आगीनेच वितळली. एकाच सर्किटवर अनेक मणी असतील, तर मीटरपासून सर्वांत लांबचा बहुधा आधीचा. मीटरच्या बाजूला आधी तार तुटली असती तर पुढे वीजच गेली नसती.

एमसीबीच्या (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचच्या) कळीचा फोटो कुणी हात लावायच्या आधी घ्यावा. (ती नुसत्या उष्णतेनेही पडते, बरं का.) आणि मणी सापडला तरी फरशीच्या सांध्यातली राख हवाबंद पत्र्याच्या डब्यात घ्यायचीच. साध्या प्लॅस्टिक पिशवीतून रॉकेलची वाफ निसटते.