मोटारीच्या रंगाची चकाकी

मोटारीच्या बाह्यरंगाची झळाळी टिकवणे आणि ती मंदावल्यास परत आणणे यांसाठी धुलाई, पॉलिश व संरक्षक लेप यांचा वापर होतो. आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. त्यांची एकूण जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. चकाकी याच थराच्या गुळगुळीतपणामुळे येते. त्यावर बारीक ओरखडे उमटले की प्रकाश विखुरतो, आणि उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसू लागतात.

हे ओरखडे बहुतांशी पुसण्यातून येतात. सोसायट्यांमध्ये रोज सकाळी एकाच बादलीत तोच फडका पिळून ओळीने गाड्या पुसल्या जातात, तेव्हा फडक्यात अडकलेली धूळ रंगावर घासली जाते. म्हणून आधी भरपूर पाण्याने माती वाहू द्यावी, मग मोटारीचा शाम्पू व मायक्रोफायबरचा हातमोजा वापरावा आणि मोजा खळबळायला वेगळी बादली ठेवावी. बोअरचे पाणी अंगावर वाळू दिल्यास क्षारांचे पांढरे डाग बसतात, तर पक्ष्यांची विष्ठा तापलेल्या रंगावर राहिल्यास डाग क्लिअर कोटमध्ये कोरला जातो.

कंपाउंड (रंग घासण्याची खरखरीत पेस्ट) व पॉलिशमधील अपघर्षक म्हणजे घासणारे कण ओरखड्याभोवतीचा क्लिअर कोट झिजवून पृष्ठभाग समतल करतात, त्यामुळे अशा प्रत्येक घासणीगणिक, म्हणजे रबिंगगणिक, हा थर पातळ होतो. दर सर्व्हिसिंगला सवयीने रबिंग करून घेणे म्हणूनच नुकसानकारक आहे. नख अडकेल इतका खोल ओरखडा सहसा पॉलिशने जात नाही. पद्मिनी, ॲम्बॅसडर यांसारख्या जुन्या गाड्यांवर क्लिअर कोट नसे. उन्हाने रंग खडूसारखा भुरभुरीत होई आणि पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागे. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर मात्र फडक्याला रंग लागणे, ही वरचा थर संपल्याची खूण होय.

संरक्षक लेपांपैकी ब्राझीलमधील ताडवर्गीय कार्नोबा वृक्षाच्या पानांपासून मिळणारे मेण काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकते. सिलिकायुक्त सिरॅमिक कोटिंग नीट निगा राखल्यास वर्षाहून अधिक टिकते व त्यावरील मळ सहज निघतो. मात्र उडालेल्या खडीपासून ते संरक्षण देत नाही. कोटिंगपूर्वी ओरखडे काढले नाहीत, तर ते लेपाखालीही दिसत राहतात. क्लिअर कोटचे पापुद्रे सुटू लागल्यावर पॉलिश किंवा कोटिंगचा उपयोग होत नाही आणि तो भाग नव्याने रंगवावा लागतो.