इल्डिकोने अ‍ॅटिलाला मारलं नव्हतं

इ.स. ४५३. हूणांचा राजा अ‍ॅटिला याने आणखी एक लग्न केलं. वधू इल्डिको, वयाने लहान आणि देखणी. त्या रात्री राजा भरपूर प्यायला आणि उताणा झोपला. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तरी दार उघडेना. सेवकांनी हाका मारल्या, शेवटी दार फोडलं. अ‍ॅटिला रक्तस्रावाने मरून पडला होता, पण अंगावर जखम नव्हती. आणि ओढणीआड मान खाली घालून ती मुलगी रडत होती.

सहाव्या शतकातल्या जॉर्डेनिस या इतिहासकाराने हे लिहिलं, ते त्याच्या आधीच्या प्रिस्कस या इतिहासकाराच्या आधाराने. प्रिस्कस ४४९ साली स्वतः अ‍ॅटिलाच्या दरबारात जाऊन आला होता, म्हणून मला ही नोंद मोलाची वाटते. त्यात म्हटलंय, एरवी नाकातून वाहणारं रक्त त्या रात्री घशात उतरलं. म्हणजे राजाचा घोळणा फुटायचा!

घोळणा बहुतेक वेळा नाकाच्या पुढच्या भागात फुटतो आणि लवकर थांबतो. मागच्या बाजूची रक्तवाहिनी फुटली तर रक्त थेट घशात जातं. शुद्धीतला माणूस खोकतो, उठून बसतो. दारूने गुंग झालेल्याचं हे प्रतिक्षिप्त संरक्षण मंदावतं आणि रक्त श्वासनलिकेत उतरतं. (आपल्याकडे घोळणा फुटला की अजूनही मान मागे करायला सांगतात. तसं करू नका. बसून पुढे झुका आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा.)

काही डॉक्टरांना दुसरी शक्यता वाटते. वर्षानुवर्षांच्या दारूने यकृत निबर झालं की त्यातून रक्त नीट वाहत नाही, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि एखादी फुटते. पण प्रिस्कसने पाहिलेला अ‍ॅटिला मेजवानीत लाकडी पेल्यातून बेताने पिणारा होता, पाहुण्यांच्या हाती मात्र सोन्याचांदीचे पेले. म्हणून मला घोळण्याचंच कारण पटतं.

तरी संशय इल्डिकोवरच आला. कॉन्स्टँटिनोपलच्या मार्सेलिनस या बखरकाराने तर बाईच्या हातच्या सुरीने तो मेला असं लिहिलं, रक्ताच्या उलटीचीही वदंता असल्याचं पुढे जोडून. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स काव्यांत तर भावांच्या खुनाचा सूड म्हणून नवरा अ‍ॅटलीला मारणारी गुडरुन आहे. अ‍ॅटली म्हणजे अ‍ॅटिलाच.

इल्डिको हे नाव बहुधा जर्मानिक, ‘हिल्ड’ म्हणजे लढाई या शब्दावरून आलेलं. हंगेरीत मुलींचं नाव आजही इल्डिको ठेवतात.